डोळ्यांवरून मज्जातंतूंची पारख

पनवेल तालुक्यात नेरे येथील ‘शांतिवन’मुळे कुष्ठरोगाने मज्जातंतूंना इजा होते, ही गोष्ट या परिसराला परिचित आहे. ती इजा त्वचेला नायलॉनच्या बारीक तंतूने स्पर्श करून अजमावता येते. ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ या व्याधीत मात्र इजा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीचा मज्जातंतू यांना होते. तेथवर हात पोहोचत नाही. परंतु डोळ्यांवाटे तिचा अंदाज घेता येतो.

विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असते, तसे मज्जातंतूंवर ‘मायलिन’चे आवरण असते. या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच त्या आवरणावर हल्ला करते. ही व्याधी बहुधा 20 ते 40 या वयात सुरू होते व स्त्रियांमध्ये अधिक आढळते. अनेकदा आरंभ एका डोळ्यापासून होतो. दृष्टी धूसर होते, डोळा हलविताना दुखतो, लाल रंग फिका भासतो. काही आठवड्यांत बरे वाटू लागते. तक्त्यावरील काळी अक्षरे रुग्ण 6/6 पर्यंत वाचतो आणि दोष उरला नाही, असा समज होतो.

म्हणून अधिक सूक्ष्म परीक्षा केल्या जातात. पांढऱ्या तक्त्यावरील फिकट करडी अक्षरे वाचावयास दिली की लपलेली उणीव उघड होते. बुद्धिबळाच्या पटासारखी बदलती चौकट दाखवून मेंदूपर्यंत संदेश पोहोचण्याचा वेळ मोजतात. तो साधारणतः एक दशांश सेकंद असतो. आवरण झिजल्यास विलंब होतो. तिसरी परीक्षा ‘ओसीटी’ची. नेत्रपटलातील तंतूंवर मायलिन नसते. त्यामुळे तेथील थर पातळ झाला, तर प्रत्यक्ष तंतूच नष्ट झाल्याचे समजते. काचबिंदूतही असे घडते. म्हणून निदानासाठी मेंदूचे एमआरआय चित्रण व तज्ज्ञांचा निर्णय आवश्यक ठरतो.

1995 च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात या व्याधीचा उल्लेख नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील 21 प्रकारांत तिचा समावेश झाला. तथापि, वरवर धडधाकट दिसणारी व्यक्ती थकवा वा अंधूक दिसण्याची तक्रार करते, तेव्हा तिच्यावर कामचुकारपणाचा शिक्का बसण्याचा संभव असतो. शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी अशा व्यक्तीस वेळीच तपासणीसाठी पाठविल्यास उपचार लवकर सुरू होतील. गेलेले तंतू परत येत नाहीत. उरलेले जपणे मात्र शक्य आहे.