सुटें गीत कीं गीतसंग्रह ?

गायकानें एकेक गीत सुटें प्रसिद्ध करावें, कीं आठदहा गीतांचा संग्रह सिद्ध करून तो एकदम श्रोत्यांपुढें ठेवावा, हा प्रश्न आंतरजालाच्या युगांत नव्यानें उपस्थित झाल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे.

दहा इंची, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गायन मावे. बैठकींत तासभर रंगणारा राग अब्दुल करीम खांसाहेबांसारख्या गवयांनाही तेवढ्यांतच बसवावा लागला. भावगीताची आटोपशीर घडण ह्याच मर्यादेंत पक्की झाली. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी तबकडी आणली आणि एकसंध संग्रहाची कल्पना रूढ होण्यास वाव मिळाला. पुढें कॅसेटीनें तो संग्रह स्वस्त केला. म्हणजे आजवर गाण्याचें रूप पुष्कळ अंशीं साधनानें ठरविलें. आतां तें बंधन सुटलें असून निवड कलावंताच्या हातीं आली आहे.

नंदुरबार जिल्ह्यांतील कोरीटसारख्या गांवांत राहून कोणी अहिराणी वा भिली गीतें गात असेल, तर दहा गीतांचें ध्वनिमुद्रण एकदम करणें त्यास झेपेलच असें नाहीं. एक गीत काढावें, त्याचा कस पाहावा, मग दुसऱ्याचा खर्च करावा, हाच त्याला शहाणपणाचा मार्ग. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून बारा महिन्यांत किमान १००० वेळां न ऐकल्या गेलेल्या गीतास मोबदला मिळत नाहीं. थोडे श्रोते दहा गीतांत विभागले गेले, तर एकही गीत ती मर्यादा ओलांडणार नाहीं.

परंतु सुट्या गीतालाही स्वतःची किंमत मोजावी लागते. तेथें तीस सेकंद ऐकलें कीं एक श्रवण मोजलें जातें. साहजिकच पहिल्या क्षणींच लक्ष वेधून घेण्याचा मोह होतो. संथ आलाप, सावकाश उलगडणारी कथा आणि शेजारच्या गीतामुळेंच अर्थ पावणारें गीत ह्यांचा त्यांत बळी जातो.

ह्या दोन मार्गांत विरोध असलाच पाहिजे, असें मात्र नाहीं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ह्यांचें ‘गीतरामायण’ १९५५-५६ ह्या वर्षीं पुणें आकाशवाणीवरून आठवड्यास एक ह्या क्रमानें प्रसारित झालें. श्रोत्यांना एका वेळीं एकच नवें गीत मिळे. परंतु ५६ गीतांमागें कथेचा एकच धागा होता. म्हणूनच पुढें तीं पुस्तकरूपानें व ध्वनिमुद्रिकांच्या संचांतून एकत्र आलीं, तेव्हां तो गीतांचा नुसता ढीग न होतां एक काव्य झालें.

तात्पर्य, गीत सुटें द्यावें कीं एकत्र, हा वितरणाचा प्रश्न आहे. गीतांमागें सूत्र आहे कीं नाहीं, हा कलेचा. पहिल्याचें उत्तर खिशाकडे पाहून द्यावें; दुसऱ्याचें मात्र पहिलें गीत मुद्रित होण्यापूर्वींच ठरवावें. मण्यांस छिद्र आधीं पाडलेलें असेल, तर माळ केव्हांही ओंवतां येते.