आईच्या हातांना शिकवणारी चित्रफीत

बाळाला अंगावर पाजणं आईला उपजतच येतं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. पण निसर्गाने या कामाची तयारी करून दिली आहे ती मुख्यतः बाळाची. गालाला स्पर्श झाला की तोंड त्या बाजूला वळवणं, तोंडात काही आलं की चोखणं, या प्रतिक्षिप्त क्रिया ते जन्मतःच घेऊन येतं. त्याला कसं धरायचं, मान कुठे टेकवायची, तोंड किती उघडेपर्यंत थांबायचं, हे मात्र आईला शिकावं लागतं. घरातल्या इतर बाळंतिणींना पाहत पाहत हे शिकणं एके काळी आपोआप होत असे. आज पहिलटकरणीच्या हाती बहुतेक वेळा एक पुस्तिका पडते आणि चार सूचना कानावरून जातात.

चूक नेमकी कुठे होते, हे शरीररचनेत पाहिलं तर लक्षात येतं. बाळाने नुसतं स्तनाग्र चोखलं, तर दुधाच्या नलिकांवर हवा तसा दाब येत नाही. स्तनाग्राला भेगा पडतात, आई कळवळते, बाळ रडतं आणि स्तन पूर्ण रिकामा होत नाही. स्तनात दूध साचून राहिलं की शरीर निर्मिती कमी करतं. शिवाय एका वेळच्या पाजण्यात शेवटी शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं. वजन वाढवणारं तेच दूध बाळाला कमी मिळतं. मग ‘दूध पुरत नाही’ असं ठरवून वरचं दूध सुरू होतं. दूध कमी असल्याचा हा शिक्का आईच्या माथी बसतो, तेव्हा अनेकदा चूक फक्त बाळाच्या पकडीची असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या पाचव्या फेरीत, देशातली सहा महिन्यांखालची 63.7 टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर असल्याचं दिसलं. त्याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. खुजेपणाची कारणं पुष्कळ आहेत. पण आई ‘पाजते की नाही’ एवढंच विचारून भागत नाही, ‘कसं पाजते’ हेही पाहायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने हा ‘कसं’चा प्रश्न उचलला. संगणक शिकवण्यासाठी साधारण दहा-दहा मिनिटांच्या चित्रफिती बनवणं हे या प्रकल्पाचं मूळ काम. बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या पुढाकाराने त्यात आरोग्य आणि पोषणाच्या फितींची भर पडली, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचा आवाज भरला गेला. ‘क्रॉस क्रेडल’ ही पद्धत त्यांत टप्प्याटप्प्याने समजते. डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं, त्या पंजाने डोक्याला कानांमागे आधार द्यायचा आणि डाव्या हाताने स्तन धरायचा. वडापाव खाताना तो ओठांना समांतर धरून थोडा दाबतो, तसा. बाळाने मोठा ‘आ’ केला की हनुवटी आधी टेकवायची. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाचा खालचा हिस्सा जास्त तोंडात जायला हवा.

आता हेच वर्णन पुन्हा वाचा आणि हातांनी करून पाहा. डावं-उजवं, वर-खाली यांत गोंधळ होतोच.

शिक्षणाच्या मानसशास्त्राने या गोंधळावर बराच विचार केला आहे. तो सोडवायला हलतं चित्र स्थिर चित्रापेक्षा नेहमीच सरस ठरतं असं नाही. दृश्य क्षणात सरकतं आणि आधीचं लक्षात ठेवण्यातच मेंदू थकतो. हाताने करायच्या कामांत मात्र निकाल उलटा लागतो. गाठ बांधण्यासारख्या गोष्टी लोक चलचित्रातून अधिक चांगल्या शिकतात. कॅमेरा करणाऱ्याच्या नजरेतून असेल, तर आणखी फायदा होतो. फीत लहान असण्यालाही कारण आहे. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी 2001 साली वीज कशी चमकते हे सांगणारी जेमतेम अडीच मिनिटांची फीत सोळा तुकड्यांत विभागली आणि पुढचा तुकडा केव्हा पाहायचा हे विद्यार्थ्यांवर सोपवलं. सलग पाहणाऱ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांची समज पक्की निघाली.

तरीही नुसत्या पाहण्यावर विसंबण्यात धोका आहे. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना टेबलावरची भांडी न हलवता चादर खेचण्यासारख्या करामतींच्या फिती दाखवल्या. वीस वेळा पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा खूप वाढला, पण हातांचं कौशल्य तेवढंच राहिलं. जगलिंगची फीत पाहिलेल्यांना त्यातल्या वस्तू प्रत्यक्ष हातात धरायला दिल्यावर हा भ्रम ओसरला. प्रसूती कक्षाच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिवसभर फीत फिरवत ठेवली म्हणजे माता शिकल्या, असं मानता येत नाही ते यामुळेच.

ओडिशातल्या केंदुझर जिल्ह्यातली ‘उपवन’ चाचणीही याबाबत बरंच काही सांगते. तिथे 148 गावसमूहांपैकी बहुतेकांत बचत गटांच्या बैठकींतून स्थानिक बायकांच्या शेती-पोषणावरच्या फिती वापरल्या गेल्या. 2021 साली आलेल्या निष्कर्षांत मुलांच्या आणि मातांच्या ताटात विविध पदार्थ वाढल्याचं दिसलं. मुलांच्या आहारात सर्वाधिक फरक पडला तो फितीच्या जोडीला गटचर्चाही चालवलेल्या गावांत. मुलांचं रोडपण आणि मातांचं वजन-उंचीचं गुणोत्तर मात्र बदललं नाही. हा निकाल मला मोलाचा वाटतो, कारण चित्रफितीकडून काय मागायचं याची मर्यादा तो प्रामाणिकपणे दाखवतो. शरीरात बदल घडायला अन्न, उत्पन्न, स्वच्छ पाणी आणि आईला मिळणारी विश्रांती, हे सगळं लागतं.

पाजण्याच्या बाबतीत फीत नेमकी कुठे बसवावी, याची सोय आपल्या व्यवस्थेत आधीच आहे. दवाखान्यात प्रसूती झालेल्या आईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला चीक संपून दूध भरू लागतं आणि बहुतेक अडचणी तेव्हाच सुरू होतात. त्या भेटीत मोबाइलवर एक तुकडा दाखवावा, थांबवावा, आईला तिच्याच बाळासह तेवढंच करू द्यावं, हात चुकला तर आशाताईंनी हलकेच सरकवून द्यावा, मग पुढचा तुकडा. सासूबाईही शेजारी बसलेल्या असाव्यात, कारण रात्री बाळ रडलं की सल्ला त्याच देणार आहेत. परीक्षेसाठी आशाताईंच्या पिशवीत वजनकाटा असतोच. नीट दूध मिळणारं बाळ या काळात रोज साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. म्हणजे चौदाव्या आणि एकविसाव्या दिवसाच्या वजनांत 175 ते 210 ग्रॅमचा फरक दिसायला हवा. तो दिसला नाही, तर वरच्या दुधाचा डबा उघडण्याआधी आईची पकड पुन्हा पाहावी आणि बाळाला डॉक्टरांकडे दाखवावं.