हेडर कुठे लावायचा? (लेखांक ९)

एरर डीकोडरवर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या खेपेवर ढकलतो. कारण फेन या जावाच्या एचटीटीपी क्लायंटमधल्या '@हेडर्स'वरचा मागचा लेख वाचून एका वाचकाने विचारलं आहे, की दर कॉलला बदलणारा हेडर पाठवायचा तर मेथडला पॅरामीटर द्यावा की इंटरसेप्टर लिहावा? याचं प्रचलित उत्तर ठरलेलं आहे: इंटरसेप्टर लिहा, इंटरफेस स्वच्छ राहतो. मला हे उत्तर अर्धवट वाटतं, आणि जिथे ते चुकतं तिथे ग्राहकाच्या खात्यातून दोनदा पैसे जाऊ शकतात.

मार्ग तसे थोडेच आहेत. '@हेडर्स'मध्ये महिरपी कंसात नाव लिहून '@पॅरम'ने व्हॅल्यू भरता येते, नावंही आधी माहीत नसतील तर '@हेडरमॅप' आहे, आणि तिसरा रिक्वेस्ट इंटरसेप्टर. स्प्रिंग क्लाउडमध्ये '@रिक्वेस्टहेडर' लिहितात, रेट्रोफिटमध्ये '@हेडर'. सगळ्यांच्या मुळाशी जाती दोनच: एकतर कॉल करणाऱ्याने व्हॅल्यू हातात द्यायची, नाहीतर रिक्वेस्ट निघताना वाटेत कुणीतरी ती चिकटवायची. यातलं काय निवडायचं हे कोड किती नीटनेटका दिसतो यावर ठरवू नये. ती व्हॅल्यू किती काळ तीच राहायला हवी, हे आधी विचारावं.

पेमेंटच्या रिक्वेस्टसोबत जाणारा 'आयडेम्पोटन्सी-की' हा हेडर घ्या. सर्व्हरने पैसे वळते केले, पण उत्तर नेटवर्कमध्ये हरवलं, तर तीच की घेऊन आलेली दुसरी रिक्वेस्ट सर्व्हर ओळखतो आणि पुन्हा पैसे कापत नाही. आता फेनचं आतलं काम पाहा. आर्ग्युमेंटांवरून रिक्वेस्टचा साचा एकदाच तयार होतो, मग रिट्रायचं चक्र सुरू होतं, आणि इंटरसेप्टर त्या चक्राच्या आत, प्रत्येक प्रयत्नाला चालतात. फेनचा मूळ रिट्रायर पाच प्रयत्नांपर्यंत जातो, आणि नेटवर्कची चूक आली की गेट आहे की पोस्ट हे न पाहता पुन्हा पाठवतो. इंटरसेप्टरमध्ये नवी यूयूआयडी बनवून की म्हणून लावली, तर दर प्रयत्नाला की वेगळी आणि सर्व्हरच्या लेखी व्यवहारही वेगळा. जो हेडर दुबार वसुली टाळण्यासाठी होता, तो असून नसल्यासारखा. ही की आर्ग्युमेंट म्हणूनच यायला हवी. स्प्रिंग क्लाउडमध्ये रिट्राय मुळातच बंद असतो, हा आक्षेप खरा आहे. पण मग बहुधा कुणीतरी बाहेरून रिट्रायचं वेष्टण घालतं, आणि की त्या वेष्टणाच्या आत बनत असेल तर गत तीच.

याच्या उलट बाजूला असतं ॲक्सेस टोकन. ते दोन प्रयत्नांच्या मध्येच संपू शकतं, म्हणून प्रत्येक प्रयत्नाला ताजं विचारून लावणं योग्य, आणि इंटरसेप्टर तिथे शोभतो. (फेनचा 'हेडर' कॉल जुनी व्हॅल्यू पुसत नाही, शेजारी नवी ठेवतो, आधी 'रिमूव्हहेडर' करावं.) सगळ्यात गमतीदार 'ट्रेसपेरेंट' हा रिक्वेस्टचा माग ठेवणारा हेडर. ३२ हेक्स अंकांचा ट्रेस-आयडी पूर्ण प्रवासभर तोच, पण त्याला लागून असलेला १६ अंकांचा पेरेंट-आयडी प्रत्येक टप्प्यावर बदलणारा. एकाच ओळीत दोन आयुष्यं! त्यातलं पहिलं संदर्भातून उचलायचं, दुसरं पाठवताना जन्माला घालायचं.

यावर म्हणणं येईल, की कॉल करणाऱ्याने की थ्रेडलोकलमध्ये ठेवावी आणि इंटरसेप्टरने तिथून वाचावी. की तीच राहील आणि इंटरफेसही स्वच्छ. जोवर थ्रेड तोच आहे तोवर हे चालतं. हिस्ट्रिक्स या सर्किट ब्रेकरच्या काळात फेनचा कॉल वेगळ्या थ्रेडवर जायचा, तिथे स्प्रिंगचा 'रिक्वेस्टकॉन्टेक्स्टहोल्डर' रिकामा निघायचा आणि हेडर गुपचूप गळायचा. जावा २५मध्ये स्कोप्ड व्हॅल्यू पक्क्या झाल्या आहेत, त्यांनी थ्रेडलोकलची काही दुखणी कमी होतील. पण माझी मूळ तक्रार थ्रेडची नाहीच. या कॉलला काय काय लागतं ते इंटरफेस वाचून कळावं, यासाठी तर आपण हा क्लायंट घेतला. अत्यावश्यक की त्यातून लपवली, तर उरलेली स्वच्छता फसवी आहे.

पॅरामीटरही निर्दोष नाही, हे मान्य. नल दिला की रेट्रोफिट तो हेडर मुकाट्याने वगळतो, आणि फेनही व्हॅल्यू न मिळालेला हेडर गाळतो. कोटलिनमध्ये नल न घेणारा टाइप लिहिला की कंपायलर अडवतो. जावात इंटरफेसमध्येच एक डिफॉल्ट मेथड लिहावी, तिने की तपासावी आणि मगच खऱ्या मेथडला हाक मारावी. फेनला डिफॉल्ट मेथड चालतात. ५०३ सोबत 'रिट्राय-आफ्टर' आला की फेनचं रिट्रायचं चक्र फिरवायला लावतो तो एरर डीकोडरच, त्यामुळे पुढच्या आठवड्यात या कीची गाठ पुन्हा पडेल.