बंदुकीला आवर कोण घालणार : कायदा की समाज?

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की दोन पक्ष हिरीरीने पुढे येतात. एक म्हणतो, कायदा कडक करा. दुसरा म्हणतो, दोष बंदुकीचा नव्हे, माणसाचा. गरिबी, बेकारी आणि टोळ्यांचे वैर यांवर इलाज करा. वक्तृत्व स्पर्धेत उतरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनाही हा विषय मिळतो, आणि तेही यातील एक बाजू पाठ करून व्यासपीठावर जातात. म्हणून या प्रश्नाची थोडी उकल येथे करीत आहोत.

प्रथम आकडे पाहू. सन २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,८३० माणसे मृत्यू पावली. त्यांतील खून २०,९५८ आणि आत्महत्या २६,३२८. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यू स्वतःच्याच हाताने झालेले. त्यांची बातमी होत नाही, आणि वादातही त्यांचे नाव निघत नाही. परंतु कोणता उपाय चांगला हे ठरविताना प्रथम विचारले पाहिजे की, कोणता मृत्यू टाळण्यासाठी?

आत्महत्येचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला हाताशी बंदूक नसली तर माणूस वाचण्याची शक्यता फार वाढते. येथे कायद्याचा उपयोग उघड आहे. बँकेच्या खिडकीमागे वर्षानुवर्षे बसून आम्हाला एवढे नक्की कळले आहे की, एक अर्ज, एक दाखला आणि काही दिवसांची मुदत एवढ्यानेही माणसाची निम्मी घाई उतरते. लोक त्यासाठी आमच्यावर चिडतात, तो भाग वेगळा!

कायद्याचे ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका इसमाने ३५ जणांना ठार केले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना अधिकारावर येऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्यांच्या आघाडीतील मित्रपक्ष ग्रामीण भागातील शेतकऱ्यांच्या मतांवर उभा होता. तरीही बारा दिवसांत सर्व राज्यांशी करार झाला. झटपट गोळ्या झाडणाऱ्या रायफलींवर बंदी आली, परवान्यास सबळ कारण दाखविणे भाग पडले, स्वसंरक्षण हे कारण मानले जाणार नाही असे ठरले, आणि खरेदीपूर्वी २८ दिवसांची मुदत आली. सरकारने भरपाई देऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या. त्यासाठी जनतेवर एक वर्षापुरता जादा कर बसविला.

परिणाम काय झाला? बंदुकीचे खून १९९६ पूर्वीच कमी होत होते, त्यामुळे खुनांतील घट किती कायद्याने झाली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. सामूहिक हत्याकांडे दीर्घकाळ जवळजवळ थांबली; पण कायमची नव्हेत. १४ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीच्या बोंडी किनाऱ्यावर ज्यूंच्या सणात १५ जण मारले गेले.

अमेरिकेत हाच मार्ग बिकट आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक ही परवानगीची वस्तू आहे; तेथे घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीनुसार तो हक्क मानला जातो, आणि २००८ व २०२२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकच पक्का केला. शिवाय तेथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. तरी कायदा अगदीच निरुपयोगी नाही. मिसुरी राज्याने २००७ मध्ये पिस्तुलासाठी आधी परवाना घेण्याची जुनी अट काढून टाकली. त्यानंतर तेथे बंदुकीच्या खुनांत सुमारे पाव हिश्श्याने वाढ झाल्याचे अभ्यासकांना आढळले.

आता दुसरी बाजू. बोस्टन शहरात १९९० मध्ये दीडशेच्या वर खून झाले. हार्वर्डचे डेव्हिड केनेडी व त्यांचे सहकारी पोलिसांबरोबर बसून एकेका खुनाची माहिती तपासू लागले, तेव्हा दिसले की मामला सगळ्या तरुण पिढीचा नव्हेच. टोळ्यांत मिळून सुमारे तेराशे पोरे, शहरातील तरुणांच्या शेकडा एकपेक्षाही कमी. आणि तरुणांच्या खुनांपैकी निदान साठ टक्के त्यांच्यातील वैरातून झालेले. मारणारेही तेच, मरणारेही तेच. १९९६ मध्ये या पोरांना बैठकीस बोलावणे सुरू झाले. समोर पोलीस, सरकारी वकील, कृष्णवर्णीय वस्त्यांतील धर्मोपदेशक आणि गल्लीत फिरणारे कार्यकर्ते. सांगणे सरळ होते : यापुढे टोळीतील एकाने गोळी झाडली तर सगळ्या टोळीवर कारवाई होईल, आणि ज्याला बाहेर पडायचे आहे त्याला शिक्षण व नोकरीसाठी मदत येथेच मिळेल. तरुणांचे मासिक खून जवळजवळ दोनतृतीयांशाने घटले. या घटीचे सगळे श्रेय बैठकांना द्यावे का, हा वाद आहे. पण एवढी घट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हा निव्वळ समाजसेवेचा प्रयोग नव्हता. मदतीच्या हाताशेजारी कायद्याचा दंडुका होता, आणि बेकायदा बंदुका कोठून येतात याचा माग काढणेही चालू होते. त्यामुळे बोस्टनचे नाव घेऊन कायदा नको म्हणणारे अर्धीच हकीकत सांगतात. उलट, नुसता कायदा मागणाऱ्यांनी हे पाहावे की टोळीतील पोरगा बंदूक परवाना काढून विकत घेत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला त्याच्याच गल्लीतला, त्याने ऐकावे असा माणूस लागतो.

अशा कामाचा कच्चा दुवा म्हणजे त्याला माणसे लागतात, माणसांना पगार लागतो, आणि पगार अनुदानावर असतो. सन २००० च्या सुमारास बोस्टनचे मुख्य अधिकारी बदलले, मंडळींत बेबनाव झाला, बैठका बंद पडल्या, आणि पुढील वर्षांत खून पुन्हा वाढले. आमचे मत विचाराल तर, दोन्ही पाहिजेत. पण आधी कायदा. बोस्टनच्या बैठका पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडावे लागले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९८ मध्ये केलेला बंदुकांचा कायदा मात्र मधल्या सर्व वर्षांत चालूच होता.