उपाहारगृह विमा

उपाहारगृह विमा म्हणजे खाणावळ, भोजनालय, कॅफे, मद्यगृह इत्यादी व्यवसायांची मालमत्ता, उत्पन्न आणि कायदेशीर दायित्व यांना संरक्षण देणाऱ्या विम्यांचा समूह होय. भारतात सर्व कंपन्यांना समान असा एकच ‘उपाहारगृह विमा’ अस्तित्वात नाही. सामान्यतः आगीच्या विम्याला इतर विभाग जोडून संयुक्त विमापत्र दिले जाते. त्यामुळे निवड करताना विमापत्राच्या नावापेक्षा त्यातील घेतलेले व वगळलेले विभाग अधिक महत्त्वाचे ठरतात.

पार्श्वभूमी

भटारखान्यातील उघडी ज्वाला, तापलेले तेल व गॅस सिलिंडर आणि त्यांच्या लगतच बसलेले ग्राहक यांमुळे हा व्यवसाय इतर दुकानांपेक्षा अधिक जोखमीचा मानला जातो. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईतील कुर्ला येथील एका उपाहारगृहाच्या आगीत ८ जणांचा, तर २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळमधील कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. कुर्ला प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये महानगरपालिकेला प्रत्येक मृताच्या कुटुंबास ५० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. हा आदेश पालिकेविरुद्ध असला, तरी एका आगीतून केवढे दायित्व उभे राहू शकते याची कल्पना त्यावरून येते.

मालमत्तेचा विमा

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून प्रमाणित विमापत्रे लागू केली. ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ हे विमापत्र आहे. बहुसंख्य उपाहारगृहे पहिल्या गटात मोडतात. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल आदी संकटे यात समाविष्ट असतात.

अपवर्जने मात्र बारकाईने वाचावी लागतात. चोरीची भरपाई केवळ विमित संकटानंतर ७ दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरती मिळते. एरवीच्या चोरीसाठी घरफोडी विमा आणि गल्ल्यातील रकमेसाठी रोकड विमा वेगळा घ्यावा लागतो. शॉर्टसर्किटमुळे एखादे विद्युत उपकरण जळाल्यास त्या उपकरणाची भरपाई मिळत नाही, परंतु तेथून पसरलेल्या आगीत जळालेल्या इतर वस्तूंची मिळते. डीप फ्रीजर बंद पडून मांस-मासळी नासल्यास आगीचा विमा उपयोगी पडत नाही. त्यासाठी यंत्रबिघाड विमा व त्याला जोडून साठा खराब होण्याचे संरक्षण आवश्यक असते.

जागा भाड्याची असल्यास इमारतीचा विमा बहुधा मालकाकडे असतो. आतील सजावट, फर्निचर, चिमणी, वातानुकूलन यंत्रणा व भांडी यांचा विमा भाडेकरूने स्वतंत्रपणे उतरवावा लागतो.

न्यून विमा

हप्ता वाचवण्यासाठी मालमत्तेची किंमत कमी दाखवणे ही या व्यवसायातील सर्वांत महाग पडणारी चूक म्हणता येईल. ४० लाखांच्या मालमत्तेचा विमा २० लाखांचा असेल, तर १० लाखांच्या नुकसानीपोटी साधारणतः ५ लाखच मिळतात. वरील दोन्ही प्रमाणित विमापत्रांत १५ टक्क्यांपर्यंतच्या तुटीकडे दुर्लक्ष केले जाते. म्हणजे याच उदाहरणात विमा किमान ३४ लाखांचा असल्यास कपात होत नाही.

उत्पन्नाचे नुकसान

आगीनंतर दुरुस्तीस काही महिने लागले, तरी भाडे, पगार व कर्जाचे हप्ते चालूच राहतात. त्यासाठी नफाहानी विमा असतो. भरपाईचा कालावधी निवडताना केवळ बांधकामाचा नव्हे, तर परवाने पुन्हा मिळण्यास लागणारा वेळही धरावा लागतो. हा विमा सामान्यतः प्रत्यक्ष भौतिक नुकसानीशी जोडलेला असतो. टाळेबंदीत कोणतीही वस्तू न जळता व्यवसाय बंद राहिला, अशा वेळी त्याचा लाभ मिळत नाही.

दायित्व

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ६५ नुसार असुरक्षित अन्नामुळे ग्राहकाचा मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत आणि अन्य इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद आहे. सार्वजनिक दायित्व विम्यात अन्नविषबाधा आपोआप धरलेली असतेच असे नाही, म्हणून तिचा स्पष्ट उल्लेख पाहणे श्रेयस्कर. ग्राहकाचे वाहन कर्मचाऱ्याने ताब्यात घेण्याची सोय असल्यास त्याचाही विचार करावा लागतो: नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वाहनाच्या चोरीसाठी हॉटेलला जबाबदार धरले व ‘मालकाच्या जबाबदारीवर’ ही सूचना निष्काळजीपणाच्या प्रसंगी पुरेशी मानली नाही.

आचारी व वेटर यांच्या कामावरील अपघातांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना लागू नसलेल्या कर्मचाऱ्यांपुरता कर्मचारी भरपाई विमा घेतला जातो.

हप्ता आणि दावा

विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. ५ टक्के दराने वस्तू व सेवा कर आकारणाऱ्या उपाहारगृहांना हप्त्यावरील कराची वजावट मिळत नसल्याने तो कर खर्चातच जमा होतो.

दाव्याच्या वेळी सर्वेक्षक खरेदीची बिले, साठ्याच्या नोंदी व परवाने तपासतो. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावयाचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र अशा वेळी महत्त्वाचे ठरते. मंजूर आराखड्याबाहेर केलेले पोटमाळ्याचे किंवा गच्चीवरील बांधकाम प्रस्ताव अर्जात नमूद केले नसल्यास दावा वादग्रस्त होऊ शकतो. दावा नाकारला गेल्यास एकल मालकीच्या व सूक्ष्म उद्योगांना ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीसाठी विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबई, पुणे आदी ठिकाणी आहेत.