काटा वर असतो तेव्हा

ऑइल प्रेशरचा काटा खाली आला की गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो आणि तो गॅरेज गाठतो. काटा वर असेल तर कोणी तिकडे फिरकत नाही. गोम इथेच आहे. मीटर दाब मोजतच नाही, ते रोध वाचते. इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेल्या सेंडरमधला पडदा तेलाच्या दाबाने सरकतो आणि त्याबरोबर विजेचा रोध बदलतो. जर्मन व्हीडीओ पद्धतीच्या सेंडरमध्ये तो शून्य दाबाला साधारण १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८०; अमेरिकी पद्धतीत उलटे, शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. त्यामुळे सेंडरची वायर काढून ब्लॉकला टेकवली की एका गाडीत काटा तळ गाठतो, दुसरीत टोक. पद्धत न पाहता ही चाचणी केली, तर धडधाकट मीटर भंगारात जाते.

आता १० ते १८० चाच हिशेब पुढे न्या. एका वायरच्या सेंडरला अर्थ मिळतो तो आट्यांमधून. तिथे गंज चढला, किंवा गळती थांबवायला टेफ्लॉन टेप जरा जास्तच गुंडाळली गेली, तर रोधात भर पडते. अमेरिकी पद्धतीत काटा खाली येतो, मालक घाबरतो, निदान तपासणी तरी होते. १० ते १८० मध्ये तोच दोष काटा वर चढवतो आणि वायर तुटली तर थेट शेवटच्या आकड्यावर नेतो. बेअरिंग झिजलेले असले तरी डॅशबोर्डवर आबादीआबाद. म्हणून संशय खोट्या घसरणीइतकाच खोट्या तेजीवरही घ्यायला हवा.

सेंडर स्वस्त आहे, मोजत बसण्यापेक्षा नवा टाकून बघू, असे यावर म्हटले जाते. पण दोष अर्थमध्ये असेल किंवा नवा सेंडर दुसऱ्याच पद्धतीचा निघाला, तर त्या बदलातून काहीच कळत नाही. सेंडर काढून त्या जागी नळीचे मेकॅनिकल गेज लावायचे, इंजिन चांगले तापू द्यायचे (थंड, घट्ट तेल दाब फुगवून दाखवते) आणि आकडा गाडीच्या मॅन्युअलशी ताडायचा. हजार आरपीएममागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा अंदाजापुरता ठीक. दुसरा आक्षेप लाल दिव्याचा: तो आहे ना सावध करायला? बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच दाब ०.३ ते ०.५ बारच्या आसपास उतरल्यावरच दिवा लावतो. वेगात धावणाऱ्या इंजिनला याच्या कितीतरी पट दाब लागतो. तेव्हा दिवा पेटला तर इंजिन आधी बंद करावे, शंका मागून काढाव्यात. पण तो पेटला नाही म्हणजे सगळे ठीक, असे मात्र नाही.

माझदाने तर एमएक्स-५ मध्ये १९९५ पासून खरा सेंडर काढून स्विचच बसवला. ठरावीक किमान दाब ओलांडला की काटा मधोमध जाऊन थांबतो. अशा गाडीत काट्याची तपासणी ती काय करायची? सरळ गेज लावावे.