रजा मागायची नाही, घ्यायची!

जुलैमध्ये स्वीडनमधल्या एखाद्या ऑफिसला ई-मेल पाठवून बघा. बऱ्याचदा उत्तर येतं, 'मी सुट्टीवर आहे, ऑगस्टमध्ये भेटू.' नवल वाटलं ना? तिथल्या १९७७च्या कायद्यानं वर्षाला किमान २५ दिवस रजा मिळते आणि उन्हाळ्यात सलग चार आठवडे ती घेण्याचा हक्कही. साहेबांचा मूड बघून अर्ज पुढे सरकवायची भानगडच नाही!

शेजारच्या फिनलंडमध्ये तर २०२०पासून, काम तसं असेल आणि मालकाशी करार झाला, तर निम्म्या तरी तासांची वेळ आणि जागा कर्मचाऱ्यानंच ठरवायची.

पण मैत्रिणींनो, वेळ सोयीची झाली म्हणून घरचं सगळं बाईच्याच गळ्यात पडलं तर काय उपयोग? स्वीडननं १९७४मध्येच फक्त आईला मिळणारी बाळंतपणाची रजा आईबाबा दोघांची केली. आता ४८० दिवसांपैकी ९० दिवस खास बाबांचे. त्यांनी घेतले नाहीत, तर बुडाले! तरीही जास्त रजा आजही आयाच घेतात.

कायदा वेळ मिळवून देतो. तो वाटून घ्यायची सवय मात्र घरातच लावावी लागते. तिथेही आणि इथेही.